सीडीएमए२००० की डब्ल्यूसीडीएमए: आधी कोणतं शिकावं?

टेलिकॉमच्या मुलांचा हा नेहमीचा प्रश्न. सेमिनारला थ्रीजी घेतलंय, पण दोनपैकी कोणतं? दोन्हींची जाळी जगभर गुंडाळली जात आहेत, तरी प्रश्न रास्त आहे. आजच्या नेटवर्कमधल्या बऱ्याच सवयी तिथेच लागल्या.

मूळ कल्पना एकच. सगळे फोन एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच वेळी बोलतात. प्रत्येकाच्या बिटांना वेगळा कोड गुणलेला असतो. ज्याच्याकडे तो कोड आहे त्याला बोलणं कळतं, बाकीच्यांना ती नुसती खरखर. आता टॉवरखाली उभा असलेला फोन मोठ्याने बोलला की गावाबाहेरचा बुडालाच. म्हणून टॉवर प्रत्येकाला सारखा बजावत राहतो, ‘आवाज वाढव, कमी कर’: सीडीएमए२०००मध्ये सेकंदाला ८०० वेळा, डब्ल्यूसीडीएमएमध्ये १५०० वेळा.

दोघांच्या वाटा फुटल्या त्या फ्रिक्वेन्सीतल्या जागेवरून. सीडीएमए२००० म्हणजे राहत्या घरावर मजला चढवणं. आयएस-९५ची जुनी सीडीएमए जाळी चालू होती, तिचीच १.२५ मेगाहर्ट्झची पट्टी आणि सेकंदाला १२.२८८ लाख चिप्सचा (म्हणजे कोडच्या तुकड्यांचा) वेग कायम ठेवला. जुने फोनही चालत राहिले. कोरियात एसके टेलिकॉमने ऑक्टोबर २०००मध्ये वन-एक्स, म्हणजे सीडीएमए२०००चा पहिला टप्पा, सुरू केलं ते असंच. डब्ल्यूसीडीएमएला मात्र नवा प्लॉट लागला: ५ मेगाहर्ट्झ, सेकंदाला ३८.४ लाख चिप्स. आतलं कोअर नेटवर्क जुन्या टूजी जीएसएमचं, रेडिओ सगळा नवा. जपानमध्ये डोकोमोने तो ऑक्टोबर २००१मध्ये सुरू केला. प्लॉटची किंमत मुंबईकरांना वेगळी सांगायला नको: २०१०च्या थ्रीजी लिलावात मुंबई सर्कलमधली ५ मेगाहर्ट्झची एक जोडी ३,२४७ कोटींना गेली. आपल्याकडच्या सीडीएमए कंपन्या त्याआधीच ८०० मेगाहर्ट्झवर ईव्ही-डीओचे (सीडीएमए२०००च्या फक्त डेटासाठीच्या भावंडाचे) डोंगल विकत होत्या.

वेळ पाळण्यातही फरक आहे. सीडीएमए२०००चे सगळे टॉवर जीपीएसच्या घड्याळावर चालतात. एकच कोड प्रत्येक जण थोडा मागेपुढे सरकवून वापरतो आणि अशी ५१२ स्थानं मिळतात. डब्ल्यूसीडीएमएला जीपीएसची गरज नाही. तिथे टॉवरना वाटायला ५१२ वेगळे स्क्रँबलिंग कोडच आहेत. फोनला टॉवर शोधायला जास्त खटपट करावी लागते, पण आकाश न दिसणाऱ्या तळघरातही बेस स्टेशन बसवता येतं.

माझ्या मते खरी मजा ईव्ही-डीओत आहे. २००२मध्ये कोरियात ते आलं आणि त्याने टॉवरकडून फोनकडे जाणाऱ्या वाटेवर सीडीएमएचा मूळ नियमच मोडला. सगळ्यांना एकदम थोडी थोडी पॉवर वाटायची नाही, १.६७ मिलिसेकंदांचा एक स्लॉट, त्यात टॉवरची पूर्ण ताकद एकाच फोनला. कोणाला? प्रत्येक फोन सेकंदाला ६०० वेळा आपल्याकडचा सिग्नल कसा आहे ते कळवतो. ज्याचा सिग्नल त्याच्या नेहमीपेक्षा चांगला, त्याचा नंबर आधी. एवढ्याशा पट्टीत सेकंदाला २.४ मेगाबिटांपर्यंत मजल गेली. डब्ल्यूसीडीएमएने हाच धडा एचएसडीपीएमध्ये, म्हणजे आपल्या वेगवान डेटाच्या सुधारित आवृत्तीत गिरवला, २ मिलिसेकंदांच्या हप्त्यांनी. बाजारात यायला मात्र २००५ची अखेर उजाडली.

पण त्या मोकळ्या ५ मेगाहर्ट्झचा फायदा पुढे दिसला. ईव्ही-डीओची पट्टी फक्त डेटाची, बोलणं वन-एक्सवर. त्यामुळे अमेरिकेतल्या व्हेरायझन कंपनीचा २०११चा आयफोन ४ कॉल चालू असताना इंटरनेट सोडून द्यायचा. डब्ल्यूसीडीएमएत दोन्ही एकाच पट्टीवर चालायचं.

दोन्ही घरांत राहिलेल्यांनी काय केलं, तेही बघा. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्राकडे ईव्ही-डीओ होतं. ऑक्टोबर २००६मध्ये त्यांनी ८५० मेगाहर्ट्झवर डब्ल्यूसीडीएमए उभारलं आणि एप्रिल २००८मध्ये सीडीएमएला कुलूप लावलं. कॅनडात बेल आणि टेलस २००९मध्ये त्याच वाटेने गेले. व्हेरायझनने पुढच्या पिढीसाठी एलटीई निवडलं, आणि ईव्ही-डीओचा वारस असलेलं यूएमबी क्वालकॉमने २००८मध्ये सोडून दिलं.

तेव्हा तत्त्व समजून घ्यायचं असेल, तर वन-एक्स आणि ईव्ही-डीओ घ्या. प्रत्येक चाल का केली ते उघड दिसतं. नोकरीच्या मुलाखतीचा विचार असेल, तर डब्ल्यूसीडीएमए, आणि त्यातही रिलीज-९९वर (डब्ल्यूसीडीएमएच्या पहिल्या आवृत्तीवर) फार वेळ न घालवता थेट एचएसडीपीए. हायब्रिड एआरक्यू (चुकलेला डेटा पुन्हा पाठवणं), सीक्यूआय (फोनने कळवलेली सिग्नलची प्रत), शेड्युलर (कोणाचा नंबर आधी ते ठरवणारा) हे शब्द फाइव्हजीतही तसेच भेटतात. फक्त स्लाइडवर एचएसडीपीएचा कमाल वेग सेकंदाला १४.४ मेगाबिट लिहिलात, तर गणित तोंडपाठ ठेवा: ३८.४ लाख चिप्स भागिले १६ (एका चिन्हाला लागणाऱ्या चिप्स), गुणिले १५ कोड, गुणिले ४ बिट. त्यात एरर कोडिंगसाठी एकही बिट उरत नाही, आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.