मोठी डिस्क, लिनक्स आणि एमबीआर की जीपीटी

डिस्कचे भाग (पार्टिशनं) कुठून कुठपर्यंत ते लिहून ठेवणारं टेबल दोन प्रकारचं, जुनं एमबीआर आणि नवीन जीपीटी. ४ टीबीची डिस्क घेतली असेल तर तुलना करायला फार काही नाहीच, एमबीआरमध्ये सेक्टरचा (डिस्कवरच्या छोट्या तुकड्याचा) आकडा ३२ बिटांचा, ५१२ बाइटचे सेक्टर धरले तर २ टेबीबाइटला (साधारण २.२ टीबी) संपला, पुढची जागा डिस्कवर असते पण टेबलात लिहिता येत नाही. ३ टीबीच्या डिस्कवर साधारण ८०० जीबी अशी नुसती पडून राहते. खरा प्रश्न येतो १-२ टीबीच्या डिस्कला किंवा व्हीएमला (व्हर्च्युअल मशीनला), जिथे आज दोन्ही चालतात.

आता एमबीआरची बाजू आधी. १९८३ सालचं प्रकरण आहे पण जुन्या बायोसच्या (मशीन चालू झाल्यावर बूट सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) मशीनवर अजून कटकट करत नाही. ग्रब (लिनक्स सुरू करणारा बूटलोडर) पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत जाऊन बसतो, वेगळं काही करावं लागत नाही. जीपीटीवर बायोसने बूट करायचं तर ग्रबसाठी एक-दोन एमबीचं बायोस बूट पार्टिशन लागतं, ते विसरलं की इन्स्टॉल अडतं, आणि काही जुने बायोस तर जीपीटीची डिस्क बघून सरळ बूटच होत नाहीत. एमबीआरची चार प्रायमरी (मुख्य) पार्टिशनांची मर्यादा मला फारशी कधी नडली नाही, पण एक्स्टेंडेडमधलं (जास्तीची पार्टिशनं ज्यात बसतात त्यातलं) पाचवं उडवलं की सहावं पाचवं होतं ते मात्र बोअर आहे.

माझं पारडं झुकलं ते डिस्क वाढवताना. बॅकअपची एक व्हीएम होती, आधी कुणीतरी लावलेली, डेटाची डिस्क २ टीबीच्या जरा आत, एमबीआर, एकच पार्टिशन. जागा भरत आली म्हणून मागून ३ टीबी करून घेतली. एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) ३ टी दाखवतंय, एक्सएफएस फाइलसिस्टीम माउंट (वापरात) असताना वाढायला तयार, कर्नलला काही प्रॉब्लेम नाही, आणि पार्टिशन २ च्या पुढे हलत नाही! उरलेल्या जागेत दुसरं पार्टिशन करावं तर तेही नाही, कारण सुरुवातीचा सेक्टरच टेबलात मावत नाही. म्हणजे बाकी सगळं चालू सिस्टीमवर होणार आणि एका ६४ बाइटच्या टेबलासाठी लोकांकडे डाउनटाइम मागा, रात्रीचा बॅकअप थांबवा, अनमाउंट करा, जीडिस्क या टूलने जीपीटीत बदला, पार्टिशन त्याच सेक्टरपासून परत मोठं करा. होतं सगळं नीट, एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्या यादीत) फाइलसिस्टीमचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) असेल तर तिथेही हात लावावा लागत नाही, पण डोकं फिरतं.

जीपीटी अगदी सोवळी आहे असं नाही. तिची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, डिस्क वाढली की ती प्रत जुन्या शेवटाला, म्हणजे आता मध्येच राहते, आणि पार्टेड हे पार्टिशनचं टूल तक्रार करतं. एसजीडिस्कला (जीडिस्कचंच कमांडवालं रूप) -ई (लहान e) दिलं की ती सरकते, एका ओळीचं काम, तेही सिस्टीम चालू असताना. आणि यूएसबीच्या डब्यांचं (डिस्क बाहेरून जोडायच्या केसचं) बघा, काही डबे ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवतात (म्हणूनच त्यात २ टीबीच्या वर एमबीआर चालून जातो), तीच डिस्क काढून थेट मशीनच्या साटा पोर्टला लावली की ५१२ दिसतात आणि पार्टिशनं गायब. इथे जीपीटीसुद्धा वाचवत नाही.

काही जण टेबलच करत नाहीत, अख्खी डिस्क एलव्हीएमला (लिनक्सची जागा वाटून देणारी सोय) देतात. व्हीएममध्ये मलाही ते पटतं, पण खरी डिस्क कधीतरी विंडोजला लागते, तो इनिशिअलाइझ करू का विचारतो आणि कुणीतरी हो म्हणतं.

तर जुन्या बायोसचं मशीन, छोटी बूट डिस्क, आणि ती कधी वाढणार नाही अशी खात्री, एवढं असेल तर एमबीआर राहू दे, मी तरी मुद्दाम बदलणार नाही. डेटाची डिस्क असेल तर मला वाटतं ५०० जीबीची असली तरी जीपीटीच बरी, एफडिस्क या जुन्या टूललाही २०१३ पासून ती कळते त्यामुळे नवीन काही शिकायला लागत नाही. फक्त आधीच डेटा असेल तर पार्टेडच्या एमकेलेबल कमांडला हात लावू नका, ते कोरं टेबल लिहितं. जीडिस्क जुन्या नोंदी उचलून घेतं, आणि त्याआधी एसएफडिस्क -डी (टेबल मजकुरात उतरवून देणारी कमांड) चं आउटपुट दुसऱ्या डिस्कवर ठेवा, त्याच डिस्कवर नको.