पॉलिसी होती, पण रंगकामाची

रविवारी पहाटे साडेपाचला वॉचमनचा फोन आला. "मॅडम, खाली पतपेढीत छतातून पाणी पडतंय, लवकर या." ठाण्यात नौपाड्याला आमच्या ट्रस्टची तळमजला अधिक दोन मजल्यांची इमारत आहे, १९७८ सालची. तळमजल्यावर एक पतसंस्था भाड्यानं आहे, वर आमचा धर्मादाय दवाखाना आणि त्याच्याही वर मुलांची अभ्यासिका. मी ट्रस्टची खजिनदार. नोकरीची ३१ वर्षं मी दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात काढली. हे आत्ताच सांगून टाकते, कारण लाज वाटण्यासारखं जे आहे ते त्यातच आहे.

दवाखान्याचं नूतनीकरण चाललं होतं. ३० वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट लागतं, ते केलं तेव्हा कॉलम दुरुस्तीचं निघालं. तेवढ्यात मग टॉयलेट, वायरिंग, पार्टिशन सगळंच काढलं. काम ६८ लाखांचं. देणगी देणाऱ्यांनी एकच अट घातली होती : काम सुरू करण्याआधी कामाच्या विम्याची कॉपी द्या. आमचं चुकलं ते इथूनच. आम्हाला विमा नको होता, विम्याची कॉपी हवी होती.

अशा कामाला जी पॉलिसी लागते तिला कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून बाजारात तिला 'कार पॉलिसी'च म्हणतात, त्यामुळे आमच्या अध्यक्षांनी पहिल्या मीटिंगला "आपली गाडी कुठली?" असं विचारलं होतं. तिचे मुख्य भाग दोन. पहिल्यात चालू कामाचं, आणलेल्या मालाचं नुकसान. दुसऱ्यात आपल्या कामामुळे तिसऱ्या माणसाचं झालेलं नुकसान. आणि इथे एक मेख आहे, जी मला फार उशिरा कळली. मूळची उभी इमारत या पॉलिसीत आपोआप येत नाही. नवीन बांधकामाला त्यानं फरक पडत नाही, पण दुरुस्तीच्या कामात जुनं तेवढं धोक्यात असतं! त्यासाठी 'सराउंडिंग प्रॉपर्टी'ची पुरवणी वेगळी मागून घ्यावी लागते, तिची मर्यादा वेगळी ठरते, प्रीमियम वेगळा लागतो.

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "ताई, विमा माझ्या रेटमध्ये धरलेला नाही, तुम्हीच काढा. माझ्या ओळखीचा मुलगा आहे, माझी सगळी कामं तोच करतो." मुलगा म्हणजे पस्तिशीचा. नम्र, कपाळाला गंध, हातात टॅब. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांच्या पॉलिस्या करतो म्हणाला. मी जे जे विचारलं त्याची उत्तरं त्याला येत होती. सराउंडिंग प्रॉपर्टी हा शब्दही मी पहिल्यांदा त्याच्याच तोंडून ऐकला. "काकू, ती पुरवणी घेतल्याशिवाय मी तुम्हाला काम सुरूच करू देणार नाही," असं म्हणाला होता. फसवणारा माणूस अडाणी असतो असं उगीच वाटतं आपल्याला.

कोटेशन आलं : प्रीमियम ३५,०००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ४१,३००. मी सवयीनं घासाघीस केली. तो ३८,००० वर आला, "ट्रस्टचं काम आहे, माझं कमिशन सोडतो." मला बरं वाटलं. पुढे कळलं की विमा कायदा १९३८, कलम ४१ प्रमाणे कमिशनमधून अशी सूट देणं गुन्हा आहे, घेणंही. म्हणजे फसले ती फसलेच, वर मीही कलमात.

पैसे कंपनीच्या नावे चेकनं द्यायची माझी तयारी होती. तो म्हणाला, "चेक क्लिअर होईस्तोवर चार दिवस जातील काकू. माझ्या फर्मला यूपीआय करा, मी पोर्टलवरून आत्ताच काढतो." काम सोमवारी सुरू व्हायचं होतं. मी यूपीआय केलं. याच कायद्याचं ६४ व्हीबी कलम सांगतं की प्रीमियम विमा कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही. माझे पैसे पोचले ते कोणा एंटरप्रायझेसच्या करंट खात्यात.

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. नावाजलेल्या कंपनीचं लेटरहेड, आमच्या ट्रस्टचं नाव, पत्ता, पिनकोड बरोबर. रक्कम ६८,००,०००, मुदत सहा महिने. आणि मी तपासलं नाही असं नाही हो. कंपनीच्या वेबसाइटवर गेले, पॉलिसी नंबर टाकला, हिरव्या अक्षरांत 'ॲक्टिव्ह' आलं. मी स्क्रीनशॉट काढला, प्रिंट घेतली, फाइलला लावली. देणगीदारांनाही पाठवली. सगळे खूश.

आता ते पाणी. शनिवारी प्लंबरनं पहिल्या मजल्यावरच्या जुन्या टॉयलेटची पाण्याची लोखंडी लाइन तोडली आणि उघड्या तोंडाला आट्याचं बूच लावायच्या ऐवजी लाकडी गुल्ली ठोकून वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळली. गच्चीवरचा वॉल्व्ह बंद केला नाही. पहाटे पालिकेचं पाणी आलं, वॉचमननं रोजच्यासारखा पंप लावला, टाकी भरत गेली आणि प्रेशर वाढल्यावर गुल्ली उडाली. मी पोचले तेव्हा जिन्यावरून पाणी पायऱ्या मोजत खाली येत होतं. पतसंस्थेचं फॉल्स सीलिंग काउंटरवर पडलेलं, दोन कॉम्प्युटर, पासबुक छापायचं मशीन, कर्जाच्या फाइली, सगळं भिजून गोळा. पतसंस्थेचे मॅनेजर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून एकेक फाइल खिडकीत उभी करत होते. मला बघून एवढंच म्हणाले, "विमा आहे ना हो तुमचा?"

"आहे की," मी म्हणाले. छाती काढून म्हणाले.

त्या मुलाला फोन केला. "क्लेम टाकू काकू, टेन्शन घेऊ नका." दुपारी पुन्हा केला, "मीटिंगमध्ये आहे." रात्री उचलला नाही. सोमवारी सकाळी मीच कंपनीच्या टोल फ्रीवर नंबर सांगितला. पलीकडची मुलगी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, ही पॉलिसी इंटर्नल पेंटिंगच्या कामाची आहे. सहा लाखांची. एक महिन्याचीच होती, गेल्या महिन्यात संपली."

मी तिच्याशी भांडले. माझ्या हातात कागद होता ना! ती सोशिकपणे म्हणाली, त्या कागदावर क्यूआर कोड असेल, तो स्कॅन करून बघा. मला ते जमेना. अभ्यासिकेतल्या एमपीएससी करणाऱ्या एका मुलाला खाली बोलावलं. त्यानं मोबाइल धरला, दहा सेकंदांत खरी पॉलिसी उघडली आणि म्हणाला, "काकू, हे तर रंगकामाचं आहे."

आता लक्षात घ्या काय झालं होतं ते. त्यानं आमच्याच नावानं, आमच्याच पत्त्यावर सहा लाखांच्या रंगकामाची अगदी खरी पॉलिसी काढली. ती त्याला पडली २,९५०. मग तिच्या पीडीएफमधले आकडे, कामाचं वर्णन आणि तारखा बदलून ती मला पाठवली. नंबर खरा, म्हणून वेबसाइटवर ॲक्टिव्ह. मी पॉलिसी आहे का ते बघितलं, काय आहे ते बघितलं नाही. वेबसाइटवरून तीच पॉलिसी डाउनलोड करून फाइलमधल्या कागदाशेजारी ठेवली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. डाउनलोड झाली नसती तरी तिथेच संशय आला असता, कारण ओटीपी गेला असता तो त्याच्या मोबाइलवर; अर्जात मोबाइल आणि ईमेल त्यानं स्वतःचा घातला होता. कंपनीचा एसएमएस आपल्याला आलाच नाही, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. साध्या गॅस बुकिंगचा मेसेज येतो, ६८ लाखांच्या विम्याचा येऊ नये?

पण झोप उडवली ती वेगळ्याच गोष्टीनं. त्या रात्री तो कागद टेबललॅम्पखाली घेऊन बसले. प्रीमियमचा छोटा तक्ता होता. निव्वळ प्रीमियम ३५,०००. एकूण ४१,३००. दोन्ही आकडे त्यानं बदलले होते. मधल्या दोन ओळी, केंद्राच्या आणि राज्याच्या जीएसटीच्या, तशाच राहिल्या होत्या : सीजीएसटी ९ टक्के, २२५. एसजीएसटी ९ टक्के, २२५. पस्तीस हजाराचे नऊ टक्के ३,१५० होतात हे तिसरीतलं पोरगंही सांगेल. २२५ होतात ते अडीच हजाराचे. बेरीज करायला शिकवून सरकारनं मला ३१ वर्षं पगार दिला आणि हा तक्ता मी दोन महिने फाइलला लावून ठेवला होता. नीट बघितलं तर त्या दोन ओळींचा फॉन्टही किंचित बारीक दिसतो.

विम्याच्या नुकसानीची पाहणी करणाऱ्या एका ओळखीच्या सर्व्हेयरना सगळे कागद दाखवले. ते म्हणाले, कामगारांच्या हलगर्जीपणानं झालेलं असं नुकसान साधारणपणे या पॉलिसीत बसतं. ठरलेली रक्कम आपल्या खिशातून जाते, बाकी मिळतं. म्हणजे पॉलिसी खरी असती तर पतसंस्थेचं नुकसान तिसऱ्या पक्षाच्या भागातून आणि आमच्या जुन्या वायरिंगचं पुरवणीतून निघालं असतं. त्यांनी आणखी एक दाखवलं : कागदावर विमाधारक म्हणून फक्त ट्रस्टचं नाव होतं. मालक, कॉन्ट्रॅक्टर आणि त्याचे सबकॉन्ट्रॅक्टर तिघांचीही नावं लागतात, नाहीतर कंपनी पैसे देऊन नंतर त्याच प्लंबरच्या मागे लागते. आणि रक्कम पूर्ण कामाची लागते, ट्रस्टनं स्वतः आणून दिलेल्या टाइल्स-पंख्यांसकट. आम्ही चार लाखांचं सामान स्वतः आणलं होतं, ते त्या खोट्या कागदातसुद्धा नव्हतं!

मग मी कॉन्ट्रॅक्टरची कामगारांची पॉलिसी मागितली. ती खरी निघाली. मात्र चार कामगारांची, आणि साइटवर त्या आठवड्यात अकराजण होते. कोणाला काही झालं नाही, ही कृपा.

आमची स्वतःची फायर पॉलिसी होती, तिच्यात पाइप फुटून झालेलं नुकसान बसतंही. पण ती फक्त बांधकामाची. आतलं फर्निचर, वायरिंग तिच्यात कधी लिहिलंच नव्हतं. पतसंस्थेला तिच्या विमा कंपनीनं पैसे दिले, आणि आता त्या कंपनीचं वसुलीचं पत्र आमच्या नावे आलंय. ते ४ लाख ६० हजारांचं.

पोलिसांत तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ लागलंय. ज्या कंपनीचं लेटरहेड वापरलं तिच्या तक्रार कक्षाला आणि विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' या तक्रारींच्या पोर्टलवरही कळवलंय. नियामकाच्या साइटवर एजंट, ब्रोकर यांची नोंद बघता येते. हा मुलगा त्यात कुठेच नाही, कोणा दुसऱ्याच्या लॉगिनमधून पॉलिस्या काढायचा. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो मला काय माहीत. त्याच्या इतर तीन साइट्सचे क्यूआर त्या एमपीएससीवाल्यानं स्कॅन करून दिले. दोन ठिकाणी रंगकाम निघालं.

उरलेल्या कामाची पॉलिसी मी कंपनीच्या शाखेत बसून काढली. चेक कंपनीच्या नावे, मोबाइल माझा, नावं तिघांची, पुरवणी लेखी. एसएमएस आला तेव्हा मी गावदेवीत भाजी घेत होते. तिथेच उभं राहून पीडीएफ उघडली आणि सीजीएसटीचा गुणाकार केला. भाजीवाली म्हणाली, "मावशी, हिशोब चुकला का?"

परवा ऑडिटर आले होते. ३८,००० 'विमा खर्च' या सदरात का नाहीत, असं विचारत होते. मी म्हटलं, विमाच नव्हता तर खर्च कसला? ती रक्कम मी 'येणे'मध्ये धरली आहे, त्याच्या पूर्ण नावानिशी. ते म्हणाले, बुडीत टाका, कशाला दरवर्षी पुढे ओढता? अजून टाकलेली नाही.