सेरेंडिपिटी की जेरीमँडर?

या दोन इंग्रजी शब्दांतला जास्त आवडता कोणता, हा प्रश्न. दोन्ही शब्दांची जन्मकथा तारखेनिशी सांगता येते, साम्य तेवढंच. सेरेंडिपिटी म्हणजे ध्यानीमनी नसताना घबाड हाती लागणं. इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने २८ जानेवारी १७५४ च्या पत्रात तो घडवला, सेरेंदीपच्या तीन राजपुत्रांच्या कथेवरून. सेरेंदीप हे श्रीलंकेचं जुनं नाव. शब्द कानाला गोड, पण जरा दिवाणखान्यातला.

जेरीमँडर म्हणजे आपल्या पक्षाच्या फायद्यासाठी मतदारसंघांच्या सीमा हव्या तशा आखणं. हा शब्द भर भांडणात जन्मला. १८१२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी स्वपक्षाच्या सोयीची मतदारसंघ-रचना मंजूर केली. त्यातला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा, की 'बॉस्टन गॅझेट'ने नकाशालाच पंख आणि नख्या चिकटवून व्यंगचित्र छापलं: गेरी अधिक सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा प्राणी)! गंमत म्हणजे आडनावाचा उच्चार गेरी, शब्दाचा मात्र जेरी. माझं मत यालाच. टोमणा म्हणून निघाला आणि थेट कोर्टाच्या निकालपत्रांत जाऊन बसला.