सेफ्टी लॉची डेफिनिशन: कायद्यांची यादी की एकच लांब वाक्य?

कॉन्ट्रॅक्टमध्ये 'सेफ्टी लॉज' म्हणजे काय हे लिहायच्या दोनच पद्धती माझ्या बघण्यात आल्यात. एक तर नावं वर्षासकट मांडायची, फॅक्टरीज ॲक्ट १९४८, बांधकाम कामगारांचा १९९६ चा, खाली रूल्सची रांग. नाहीतर 'सुरक्षा आणि आरोग्याबद्दल त्या त्या वेळी लागू असलेले सगळे कायदे, नियम, आदेश' असं एक वाक्य टाकून मोकळं व्हायचं. मी वकील नाही, पण ड्राफ्ट करणं आणि मग त्याच ड्राफ्टवरून भांडणं, दोन्ही माझ्याच गळ्यात असतं म्हणून लिहितोय.

यादीचा फायदा खरा आहे, नाही म्हणत नाही. सबकॉन्ट्रॅक्टरला 'सगळे लागू कायदे' म्हटलं की तो मान डोलावतो आणि विसरतो, तेच १९९६ च्या कायद्याचं नाव छापलेलं असलं की रजिस्ट्रेशन झालंय का हे बोट ठेवून विचारता येतं. बरीच वर्षं मी यादीवालाच होतो.

मग एका साइटवर टेम्पररी पॅनलच्या वायरिंगवरून आमच्या सेफ्टी ऑफिसरने काम थांबवलं, कॉन्ट्रॅक्टरने दोन दिवसांचे आयडल चार्जेस, म्हणजे माणसं-मशिनरी रिकामी बसल्याचे पैसे, लावले आणि मीटिंगला आमच्याच ॲग्रीमेंटची प्रिंट घेऊन आला. यादीत लिहिलेलं, इंडियन इलेक्ट्रिसिटी रूल्स १९५६. त्यांच्या जागी सेंट्रल इलेक्ट्रिसिटी ऑथॉरिटीची सेफ्टी रेग्युलेशन्स २०१० मध्येच आली, पुढे ती बदलून २०२३ ची आली, आणि आमचं टेम्प्लेट कॉपी-पेस्ट होत होत तिथेच राहिलेलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, यादी तुमचीच आहे, तुम्ही म्हणताय ते यात दाखवा." पॅनल बरोबर की चूक हे बाजूलाच राहिलं, दोन तास कोणतं वर्ष धरायचं यावरच गेले.

यादीवाले म्हणतील, जनरल क्लॉजेस ॲक्ट १८९७ चं कलम ८ आहे की, जुना कायदा रद्द होऊन तीच तरतूद नव्याने आली तर जुना उल्लेख नव्याचाच धरायचा. बरोबर आहे, १३ कायदे गिळून ऑक्युपेशनल सेफ्टी कोड २०२० हा २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला तिथे ते कामाला येईलही. पण जुन्या रूल्सच्या जागी आलेल्या रेग्युलेशनला ते कसं लागतं हे पटवायला वकील लागतो, आणि साइटवर सकाळी नऊ वाजता वकील नसतो. शिवाय एखादा कायदा अगदीच नवा असेल तर तो यादीत कुठून येणार?

मोघम वाक्यालाही कटकटी आहेतच. 'कायदे' एवढंच लिहिलं तर हार्नेसचं, म्हणजे उंचीवर काम करताना बांधायच्या पट्ट्याचं, भारतीय स्टँडर्ड आयएस ३५२१ दाखवल्यावर समोरचा म्हणू शकतो की हे स्टँडर्ड आहे, कायदा कुठे आहे, म्हणून स्टँडर्ड्स हा शब्द आठवणीने घालावा लागतो. दुसरं म्हणजे उद्या नियम कडक झाला तर वाढीव खर्च कोणाचा? हे लिहिलं नाही तर शहाणा कॉन्ट्रॅक्टर ती भीती रेटमध्ये आधीच धरतो. फिडिक या कन्सल्टिंग इंजिनिअर्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९ च्या रेड बुकमध्ये, म्हणजे बांधकामाच्या तयार कॉन्ट्रॅक्ट नमुन्यात, 'लॉज'ची व्याख्या मोघमच आहे, पण टेंडर भरायच्या शेवटच्या तारखेच्या २८ दिवस आधीची बेस डेट धरून त्यानंतर कायदा बदलला तर खर्चाचं वेगळं कलम आहे. मला ते पटतं, पाळायचा तो आजचा कायदा आणि पैशाचा हिशोब त्या तारखेपासून.

तुमचं काम तीन महिन्यांचं आणि एकाच प्रकारचं असेल तर यादी चालून जाईल कदाचित. मी मात्र आता आधी मोघम वाक्य लिहितो, खाली 'यात हेही येतात पण एवढेच नाहीत' म्हणून चार-पाच नावं देतो, सुपरवायझरला दाखवण्यापुरती.

परवा शेजारच्या डिपार्टमेंटचा ड्राफ्ट बघायला आला, पान ३ वर अजून १९५६ च होतं.