फोंड्यातील एका नोकरी केंद्राची सेवा: काही निरीक्षणे

भाच्यासाठी फोंड्यातील एका खासगी नोकरी केंद्राची सेवा घेतली. नोंदणी चटकन होते, अर्ज मराठीत भरता येतो आणि कर्मचारी सौजन्याने बोलतात, एवढे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. खरी उणीव अर्जातच आहे: त्यात तालुक्याचा रकानाच नाही. संपूर्ण गोवा म्हणजे एकच बाजार, असे हे केंद्र धरून चालते. परंतु २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले, त्याची झळ डिचोली, सत्तरी, सांगे आणि धारबांदोडा या तालुक्यांना जशी बसली तशी किनाऱ्यावरील बार्देश तालुक्याला बसली नाही, कारण तिथली नोकरभरती मुख्यतः पर्यटनाच्या हंगामावर चालते. खाणीवर यंत्र चालवलेल्या, सत्तरीतील वाळपईजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याला त्यांनी बार्देशमधील कळंगुटच्या हॉटेलात रात्री ११ वाजता संपणाऱ्या पाळीचे काम सुचवले. त्या वेळी घरी परतायला बस कुठली मिळणार? वेर्णा औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांमधल्या जागांविषयी विचारले असता ‘बघून कळवतो’ एवढेच उत्तर आले. शुल्क मात्र आगाऊ घेतात, आणि परताव्याची अट पावतीच्या मागे बारीक अक्षरांत असते. बार्देशमधील म्हापसा परिसरातील उमेदवारांना ही सेवा उपयोगी पडेल. खाण भागातील उमेदवारांनी पैसे भरण्यापूर्वी कामाचे ठिकाण, पाळी आणि राहण्याची सोय लेखी मागून घ्यावी.