मसाई मारा: पैसे तीन दिवसांचे, तिकीट एका दिवसाचं

केनियातल्या मसाई माराच्या ऑगस्टमधल्या सफारी टूरच्या जाहिराती पुन्हा फिरायला लागल्या आहेत, म्हणून लिहितो आहे. २०२४ मध्ये ज्याने आम्हाला गंडवलं त्याचं नाव देत नाही. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. पण पद्धत सांगतो, कारण ती त्याची एकट्याची नाही.

हा कुणी फोनवरून गळाला लावणारा भामटा नव्हता. ताडोबाला फोटोग्राफी टूर नेणारा, कॅमेऱ्याचं सेटिंग शेजारी बसून शिकवणारा, पहाटे वेळेवर जिप्सी दारात उभी करणारा माणूस. आमच्यातले निम्मे त्याच्याबरोबर मोहर्ली आणि कोलारा गेटने जाऊन आले होते. तिथे एका रुपयाचा घोळ झाला नाही, आणि व्हायला फारशी जागाही नव्हती. ताडोब्याचं परमिट तुमच्या नावाने, ओळखपत्राच्या नंबरासकट निघतं आणि गेटवर ते तपासलं जातं. त्याचा प्रामाणिकपणा कितपत त्याचा आणि कितपत त्या गेटचा, हे केनियात कळलं.

पॅकेज नेहमीचंच: नैरोबी, नाकुरू आणि मग मारामध्ये तीन दिवस. पत्रकावर ‘सर्व पार्क फी समाविष्ट’. सगळी मेख याच ओळीत आहे. मसाई मारा राखीव क्षेत्र केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिस या सरकारी वन्यजीव खात्याकडे नाही, ते नारोक काउंटीचं आहे. पश्चिमेचा मारा ट्रँगल हा भाग तेवढा मारा कॉन्झर्व्हन्सी ही संस्था सांभाळते. २०२४ पासून परदेशी प्रौढ पर्यटकाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर लागतात. शिवाय तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढंच चालतं. पूर्वी ते २४ तासांचं असायचं, त्यामुळे दुपारी आत जाऊन दुसऱ्या दुपारपर्यंत एकाच तिकिटात भागायचं. आता प्रत्येक दिवसाचं वेगळं. म्हणजे ऑगस्टमध्ये तीन दिवस आत फिरायचं तर माणशी ६०० डॉलर, तेव्हाच्या भावाने पन्नास हजार रुपये, नुसते गेटवर. हॉटेल हलकं दिलं तर गिऱ्हाईक पहिल्याच रात्री ओरडतं. गेटची पावती मात्र कुणी मागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आत गेलो की नाही एवढं तर कळेल ना? नाही कळत. माराला बहुतेक ठिकाणी कुंपण नाही. राखीव क्षेत्र संपतं तिथे मसाई लोकांची चराऊ जमीन सुरू होते, गवत तेच, बाभळी त्याच, आणि झेब्रा, जिराफ, विल्डबीस्ट, कधी सिंहसुद्धा दोन्हीकडे फिरतात. आमचा कॅम्प सेकेनानी गेटच्या बाहेर होता. पहिल्या दुपारी ड्रायव्हरने तिथल्या तिथे दोन तास फिरवलं, जिराफ दिसले, झेब्रे दिसले, लांबवर एक सिंहीण दिसली, सगळे खूश. रात्री फोटो बघताना वहिनी म्हणाल्या, “अहो भावजी, या सिंहिणीच्या मागे ही गाय कशी?” फोटो मोठा केला. गाय होती, गळ्यात घंटा होती, आणि कडेला मोटरसायकलवरचा एक मुलगा.

गेटबाहेरची प्रत्येक सफारी खोटी असते असं मात्र नाही. नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ या कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे मसाईंच्या जमिनीवर वन्यजीवांसाठी राखलेले भाग, बाहेरच आहेत. तिथे मसाई जमीनमालकांना भाडं मिळतं, गाड्या मोजक्या सोडतात, फी वेगळी असते आणि ती भरल्याची नोंद असते. आम्ही होतो ती गावची गायरानं होती.

सकाळी ड्रायव्हरला विचारलं. बिचारा ओशाळला. त्याने नैरोबीतल्या आपल्या मालकाचा निरोप दाखवला: दोन रात्री, राखीव क्षेत्राचं एका दिवसाचं तिकीट, बाकी ‘कॅम्प परिसर’. भारतातून पैसे तेवढेच आले होते. आमचा म्होरक्या व्हॉट्सॲपवर ‘गैरसमज झाला आहे, बघतो’ म्हणाला आणि मग त्याला नेटवर्क मिळेना. त्या दिवशी ते एकुलतं तिकीट वापरून आत गेलो. तिसऱ्या दिवसाचे २०० डॉलर आमच्यातल्या काहींनी गेटवर आपापल्या कार्डावर भरले. बाकीच्यांची तयारी नव्हती. त्यांची ती सकाळ कॅम्पमध्ये चहा पीत गेली.

या धंद्यात तुमच्याकडून पैसे घेणाऱ्याची ना गाडी असते, ना कॅम्प, ना केनियातला परवाना. तो नैरोबीच्या ऑपरेटरकडून घाऊक भावाने सहल घेतो आणि इथे विकतो. यात गैर काही नाही, चांगल्या कंपन्याही तेच करतात. पण मग तिथला ऑपरेटर कोण, हे पैसे भरण्याआधी लेखी मागा. केनियात त्याच्याकडे टुरिझम रेग्युलेटरी अथॉरिटीचा परवाना लागतो. टूर ऑपरेटरांची संघटना काटो आपली सभासद यादी जाहीर ठेवते. नाव तिथे शोधा आणि ऑपरेटरला थेट ईमेल करून विचारा, की आमच्या नावाने काय बुक आहे, राखीव क्षेत्राची तिकिटं किती दिवसांची, कॅम्प गेटच्या आत की बाहेर. पत्रकात कॅम्पच्या नावापुढे ‘किंवा तत्सम’ असेल तर ते दोन शब्द खोडून घ्या.

आमच्याकडून व्हिसाचे म्हणून माणशी आठ हजारही उकळले होते. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून ईटीए, म्हणजे ऑनलाइन काढायचा प्रवास परवाना, आणला आहे. सरकारी साइटवर स्वतः भरला तर ३० डॉलरच्या आसपास खर्च. त्या साइटच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट गो डॉट केई’ असा असतो. नक्कल करणाऱ्या साइट भरपूर आहेत. आमच्यातल्या एकाला तर म्होरक्याने यलो फीव्हरची लस न घेता लसीचं पिवळं कार्ड ‘मॅनेज’ करून देतो असंही सांगितलं होतं. आमच्या माणसाने ते घेतलं नाही हे नशीब. ती लस निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची असते, आणि वैध कार्ड नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणात टाकतात.

आणि ‘रिव्हर क्रॉसिंगची गॅरंटी’, म्हणजे विल्डबीस्टचा कळप नदी ओलांडताना दिसेलच अशी हमी, लिहिणाऱ्याकडे तर फिरकूच नका. कळप मारा नदीच्या काठावर तासन्‌तास उभा राहतो आणि एकही जनावर पाण्यात न उतरता मागे वळतो. त्याची हमी द्यायला ते कुणाच्या ऐकण्यातले आहेत?

परत आल्यावर आमच्या म्होरक्याने पैशांऐवजी लडाखच्या हिमबिबट्या टूरमध्ये रक्कम ‘वळती’ करून देतो म्हणून सांगितलं. आम्ही नाही म्हटलं, तर ग्रूपमधूनच काढून टाकलं. पोलीस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ हे ठरलेलं उत्तर मिळालं. ग्राहक आयोगाचं मात्र बरं आहे: २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तिथे आमच्या कामी आलं ते पत्रक, ड्रायव्हरने पाठवलेला तो निरोप आणि गेटवरच्या कार्डाच्या पावत्या. पक्कं बिल कधी मिळालंच नव्हतं; पैसे त्याच्या बायकोच्या खात्यावर गेले होते.

सगळ्यात वजनदार कागद निघाला तो आयकराचा. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून आधीच कापून घ्यायचा आयकर, लागतो, आणि त्याने तो आमच्याकडून ५ टक्क्यांनी घेतला होता. विकणाऱ्याने तो तुमच्या पॅनवर जमा करायचा असतो. आमच्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या आयकर खात्यातल्या नोंदीत, त्याचा मागमूस नव्हता, म्हणजे तो पैसाही त्याच्याच खिशात. तुम्ही कुणाकडेही आफ्रिकेची टूर बुक केली असेल आणि बिलात टीसीएस लावला असेल, तर विकणाऱ्याचं तिमाहीचं विवरण भरून झालं की २६एएस उघडून बघा. रक्कम दिसत नसेल तर पुढचा हप्ता थांबवा आणि आधी जाब विचारा.