57,430 रुपये आणि 40 प्रती: स्वतःचं पुस्तक काढणाऱ्यांनी हे वाचा

आकडा आधीच सांगते, म्हणजे कुणाला वाटायला नको की किरकोळ गोष्टीचा बाऊ करते आहे. 57,430 रुपये गेले. ठरल्या होत्या 300 प्रती, आल्या 40, आणि त्या 40 कुणाच्या हातात द्यायची मला लाज वाटते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. नोकरीचा मोठा काळ नाशिक जिल्ह्यातल्या पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत गेला. तिथल्या बायकांकडून कोकणा या आदिवासी समाजाच्या बोलीतली गाणी मी वह्यांत उतरवून घेत आले. भातलावणीची, लग्नातली, डोंगऱ्या देवाच्या उत्सवातली. निवृत्तीनंतर नाशिकच्या सिडकोतल्या घरी बसून ती सगळी टाइप केली. प्रत्येक गाण्याखाली अर्थ, कुठल्या पाड्यावर कोणी सांगितलं त्याची नोंद. 144 पानं झाली. दोन-तीन नावाजलेल्या प्रकाशकांकडे पाठवलं. एकाने 'गाण्यांना गिऱ्हाईक नाही' म्हणून कळवलं, बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. गाणी सांगणाऱ्या बायका एकेक करून जात आहेत, मग मी कुणाच्या होकाराची वाट बघत बसायचं? स्वखर्चाने काढायचं ठरवलं. तो निर्णय बरोबर होता, आणि आजही मी त्यावर ठाम आहे.

फेसबुकवर जाहिरात दिसली. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी पॅकेजं तुम्हीही पाहिली असतील. पत्ता पुण्याचा होता, पण 'आमचे प्रतिनिधी नाशिकला असतात' म्हणाले. कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत तो मुलगा भेटला. नीटनेटका, बोलायला गोड, प्रत्येक वाक्यात 'मॅडम'. पिशवीतून पाच-सहा पुस्तकं काढून टेबलावर ठेवली. छपाई चांगली होती, बांधणी घट्ट होती. ती पुस्तकं त्यांनीच काढली होती का, हे आता कोण सांगणार? गोल्ड पॅकेज 38,500 रुपये. त्यात अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, 80 जीएसएम वजनाचा नॅचरल शेड (पिवळसर) कागद, डेमी हा पुस्तकांचा नेहमीचा आकार, 300 प्रती, आणि 'आयएसबीएन शुल्क', म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचं शुल्क, म्हणून वेगळे दाखवलेले 3,500 रुपये.

हे 3,500 आधी घेते. आयएसबीएनला आपल्या देशात एक रुपयाही लागत नाही. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो देते, शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत, आणि लेखकाला स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करता येतो. जो कुणी याचे पैसे लावतो, त्याच्याशी पुढचं बोलणं तिथेच थांबवा.

त्या संध्याकाळी मी 15,000 रुपये अ‍ॅडव्हान्स पाठवला. आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर गुलाबाच्या चित्रासकट माझ्या पुस्तकाचा आयएसबीएन आला. त्याच रात्री! मी फसले ती हीच वेळ. आजही तो मेसेज उघडला की अंगाचा तिळपापड होतो. पुस्तकाचं नाव अजून पक्कं झालं नव्हतं. मी त्याला दोन नावं दिली होती आणि 'उद्या सांगते' म्हटलं होतं. मुखपृष्ठ नाही, पानं लागलेली नाहीत, किंमत ठरलेली नाही, आणि नंबर हजर. मी विचारलं बरं का. गप्प बसले नाही. 'इतक्या लवकर कसा?' असं स्पष्ट विचारलं. तो म्हणाला, 'मॅडम, प्रकाशकाकडे नंबर आधीच घेऊन ठेवलेले असतात.' आणि हे खरं आहे! नोंदणीकृत प्रकाशकाला नंबर एकगठ्ठा मिळतात, हे मी नंतर खात्री करून घेतलं. खोट्यात खरं असं मिसळून दिलं की समोरच्याने काय करायचं? ज्याने पहिल्यांदाच पुस्तक काढलं आहे त्याला हे ओळखता यायला हवं होतं, असं म्हणणाऱ्यांनी आधी स्वतः एक पुस्तक काढून दाखवावं.

तो नंबर मी डायरीत सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला. घरच्यांना दाखवला. पुढे सगळं उलगडल्यावर कळलं की तो खोटा आहे, हे साध्या बेरजेने कळतं. तेरा अंक असतात. पहिल्याला 1 ने गुणायचं, दुसऱ्याला 3 ने, तिसऱ्याला पुन्हा 1 ने, असं शेवटपर्यंत. सगळ्याची बेरीज करायची. तिला 10 ने पूर्ण भाग गेला पाहिजे. माझ्या नंबरची बेरीज 113 आली. मी मुलांना गणित शिकवलं आहे, पण हा नियम मला कोणी कधी सांगितला नव्हता. तुम्हाला मी सांगते आहे. नंबर आला की पाटी-पेन्सिल घेऊन बसा. भारतातला नंबर 978-81 किंवा 978-93 ने सुरू होतो, तेही बघा. आणि बेरीज जुळली तरी नंबर नेटवर शोधा, तो दुसऱ्याच कुणाच्या पुस्तकाचा निघू शकतो.

मग प्रूफ (छपाईआधी तपासायची प्रत) आलं. माझं युनिकोडमधलं लिखाण त्यांनी कुठल्यातरी जुन्या फॉन्टमध्ये ओतलं होतं. रफार उडालेले, जोडाक्षरं फुटलेली, 'दुसऱ्या'च्या जागी चौकोन. ते एकवेळ दुरुस्त होतं. पण गाण्यांमधली बोलीच बदलून टाकली होती! क्रियापदांचे शेवट बदलून सगळं पुस्तकी मराठी केलं होतं. मी फोन केला तर म्हणाला, 'अशुद्ध होतं मॅडम, आमच्या एडिटरने शुद्ध केलं.' अशुद्ध? ज्या बाईने ते गाणं आपल्या आजीकडून ऐकलं, तिची भाषा अशुद्ध, आणि यांची शुद्ध? पैशांपेक्षा हा घाव मोठा आहे. बोलीतलं काही छापणार असाल तर 'मूळ शब्दाला हात लावायचा नाही' हे कागदावर लिहून घ्या. आणि तपासलेल्या प्रूफच्या प्रत्येक पानावर सही-तारीख घालून त्याचा फोटो स्वतःकडे ठेवा.

मी 31 पानं लाल करून पाठवली. 'सगळं होईल, पण मशीनवर घ्यायला उरलेली रक्कम लागेल,' तो म्हणाला. 23,500 दिले. त्यानंतर 'जीएसटी राहिला' म्हणून 18 टक्के, 6,930 रुपये. पावती आली, तिच्यावर जीएसटी क्रमांक नव्हता. मागितला तेव्हा दिला. तो पोर्टलवर टाकल्यावर मालवाहतुकीचा धंदा दिसला, पण हे पाहिलं ते पैसे गेल्यावर. हा क्रमांक 15 अक्षरी असतो, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर तो कुणालाही फुकट तपासता येतो. क्रमांक नसेल तर कर मागायचा त्यांना अधिकारच नाही.

शेवटचे 12,000 'ऑनलाइन लिस्टिंग आणि प्रसिद्धी'चे. ते दिले नसते तर आधीचे अडकणार होते, म्हणून दिले. किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानात, मराठी ई-पुस्तक लेखकाला स्वतः टाकता येतं आणि त्याला शुल्क नाही, हे तेव्हा सांगणारं कोणी भेटलं नाही. नंतर 5,100 रुपये भरून 'राज्यस्तरीय साहित्य पुरस्कार' घ्यायचा निरोप आला. तिथे मात्र मी फोन आपटला. पैसे भरून मिळणारा पुरस्कार घरात आणू नका.

कुरिअरने एक खोकं आलं. 40 प्रती. कागद इतका पातळ की मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसतात. उघडलं की पानं सुटून हातात येतात. माझी एकही दुरुस्ती घेतलेली नाही. 'उरलेल्या 260 पुढच्या आठवड्यात' म्हणाले, मग नंबर बंद. दुसऱ्या नंबरवरून एकदा धमकी आली, 'हक्क आमच्याकडे आहेत, दुसरीकडे छापलंत तर नोटीस पाठवू.' चार रात्री झोप नाही. ओळखीच्या वकिलांनी 1957 चा कॉपीराइट कायदाच समोर ठेवला. लेखकाची लेखी सही असल्याशिवाय हक्क दुसऱ्याकडे जात नाहीत, आणि मी सही कशावरच केली नव्हती. हक्क लिहिल्याक्षणी लेखकाचा होतो, नोंदणीही सक्तीची नाही.

आता तक्रारीचं ऐका. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला. 'पैसे जाऊन फार दिवस झाले' म्हणत नाखुशीने तक्रार घेतली, एक क्रमांक दिला, पुढे शांतता. जवळच्या पोलीस ठाण्यात गेले. 'पुस्तक मिळालंय ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे.' 260 प्रती आल्या नाहीत, नंबर खोटा, कराची पावती खोटी, हे सांगून घसा कोरडा झाला. 'मग सायबरला जा.' सायबरवाले म्हणाले, 'तुम्ही लिंक उघडली नाही, ओटीपी दिला नाही, स्वतः पिन टाकलात. हे आमच्याकडे येत नाही, ठाण्यात जा.' पुन्हा ठाणं. आता म्हणे, 'पत्ता पुण्याचा आहे, पुण्यात तक्रार द्या.' गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायलाच हवी, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलेलं आहे. मी त्या पानाची प्रिंट घेऊन गेले. साहेबांनी ती हातातही घेतली नाही. 'ताई, या वयात कशाला हा ताप?' म्हणाले. बँकेत गेले तर 'ज्या खात्यात पैसे गेले त्याची माहिती देता येत नाही'. म्हणजे ज्याने लुबाडलं त्याची गोपनीयता सगळ्यांनी जपायची, आणि लुबाडलेल्या बाईने या काउंटरवरून त्या काउंटरवर फिरायचं! पुस्तक काढणं ही हौस आहे आणि हौसेचे पैसे बुडाले तर बुडू द्यावेत, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. माझ्या पेन्शनमधले पैसे आहेत ते. टीव्ही किंवा फ्रिज असाच अर्धा आला असता तर यांनी असंच सांगितलं असतं का?

शेवटी ठाण्याने घेतलं नाही म्हणून वरिष्ठ अधिकाऱ्यांना रजिस्टर पोस्टाने लेखी तक्रार पाठवली. त्याच कलम 173 मध्ये ती सोय आहे. आणि ग्राहक आयोगात अर्ज केला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पुण्याला हेलपाटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. दोन वर्षांची मुदत आहे, ती चुकवू नका.

पुस्तक मी परत छापते आहे. सातपूरच्या एका छापखान्यात स्वतः जाऊन कागद हाताने बघितला. तेवढीच पानं, तोच आकार, 300 प्रती, 31,000 रुपये. निम्मे आधी, उरलेले प्रती मोजून घेतल्यावर. अक्षरजुळणीची मूळ फाइल माझ्या ताब्यात राहणार, नुसती पीडीएफ नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून घेतलं. आयएसबीएनचा अर्जही माझा मीच केला आहे.

नाशिकमध्ये, विशेषतः कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या कॅफेंमध्ये असाच कुणी 'मॅडम, सर' करत भेटला असेल आणि तुमचे पैसे गेले असतील, तर लाजून गप्प बसू नका. एकाच प्रकारे फसलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश, पावत्या, कुरिअरची चिठ्ठी, काही पुसू नका. मी माझं सगळं छापून फाइलला लावलं आहे. तुमचं घेऊन या, बरोबर जाऊ.